ब्रेक, क्लच आणि आपोआप मिळणारी रेस: मॅन्युअल गाडीत ऑटो-ब्लिप बसवण्याचा माझा अनुभव

ऑटो-ब्लिप मॉड्यूल, म्हणजे खालचा गिअर टाकताना इंजिनला आपोआप क्षणभर रेस देणारी डबी, गाडीत बसवणं हे काम ऐकायला वाटतं तेवढं मोठं नाही. ॲक्सिलरेटरच्या पेडलचा कनेक्टर काढायचा, मध्ये मॉड्यूलची तार घालायची, ब्रेकच्या आणि क्लचच्या स्विचवरून एकेक तार घ्यायची, करंट द्यायचा. हात बऱ्यापैकी चालणारा माणूस एका दुपारी उरकेल. खरं काम त्यानंतर सुरू होतं. कारण त्या डबीला तुमच्या मनातलं काहीच कळत नसतं. तिला दोनच गोष्टी कळतात, ब्रेक दाबलाय आणि क्लच दाबलाय. एवढ्यावरून तुम्ही आता काय करणार आहात याचा अंदाज तिने बांधायचा आणि तो अंदाज बरोबर यावा अशी सोय तुम्ही करायची.

माझी गाडी पहिल्या पिढीची टोयोटा जीटी ८६. दोन लिटरचं बॉक्सर इंजिन, मागच्या चाकांना ताकद, सहा गिअर, तिसरं पेडल. ही गाडी २०१२ मध्ये बाजारात आली, सुबारूची बीआरझेड हे तिचंच जुळं भावंड. चालवायला अतिशय गोड, पण खालचा गिअर टाकताना जराही गबाळेपणा केला तर लगेच बोलून दाखवते.

का बोलते ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं सगळं समजेल. या गाडीत चौथ्या गिअरचं गुणोत्तर १.२१३ आहे, तिसऱ्याचं १.५४१ आणि दुसऱ्याचं २.१८८. चौथ्या गिअरमध्ये ताशी ८० किलोमीटरने चाललो असेन तर इंजिन साधारण ३,४०० आरपीएमवर (मिनिटाला तेवढे फेरे) असतं. त्याच वेगाला तिसरा टाकला तर इंजिनाला ४,३०० वर जावं लागतं, आणि एकदम दुसरा टाकला तर ६,१०० वर. चाकं रस्त्याला धरलेली आहेत, त्यांचा वेग एका क्षणात बदलत नाही. तेव्हा बदलायचं ते इंजिनाने. पण क्लच दाबल्यावर ॲक्सिलरेटर सोडलेला असतो, त्यामुळे इंजिन वर जायच्या ऐवजी खालीच येऊ लागतं. आता क्लच सोडला की दीड-दोन हजार आरपीएमचा फरक कोणीतरी भरून काढायला हवा, आणि तो भरतात क्लचची प्लेट आणि मागची चाकं. प्लेट घासते, गाडी हिसका देते. वळणाच्या तोंडाशी ब्रेक दाबलेला असताना हे झालं तर आणखी वाईट, कारण वजन पुढे गेलेलं असतं, मागची चाकं हलकी झालेली असतात आणि हा हिसका नेमका त्यांनाच बसतो. ओल्या रस्त्यावर गाडीचं बूड एकदा जरी असं हललं की मग तो विषय डोक्यातून जात नाही.

यावरचा उपाय ड्रायव्हर लोक पूर्वीपासून करतात. क्लच दाबलेला असतानाच ॲक्सिलरेटरला टिचकी मारायची, इंजिनला क्षणभर रेस द्यायची आणि ते हव्या तेवढ्या आरपीएमवर पोचलं की क्लच सोडायचा. ब्रेक चालू असताना हे करायचं तर एकाच उजव्या पायाने दोन्ही पेडल सांभाळावी लागतात. चवड्याने ब्रेक, पावलाच्या कडेने ॲक्सिलरेटर. यालाच हील-टो म्हणतात.

एक गैरसमज बहुतेकांच्या डोक्यात असतो, तो इथेच काढून टाकतो. अशी रेस दिल्याने सिंक्रोची, म्हणजे गिअर अडकण्याआधी त्यांचे वेग जुळवणाऱ्या गिअरबॉक्समधल्या कड्यांची, झीज वाचते असं सर्रास सांगितलं जातं. तसं होत नाही. क्लच दाबलेला असताना रेस दिली तर वेग वाढतो तो इंजिनाचा आणि फ्लायव्हीलचा. गिअरबॉक्सचा आत जाणारा शाफ्ट आणि त्याला जोडलेली क्लचची प्लेट यांना वेगात आणण्याचं काम सिंक्रोलाच करावं लागतं, रेस द्या की देऊ नका. सिंक्रोला मदत करायची असेल तर न्यूट्रलमध्ये क्लच सोडून रेस द्यावी लागते, म्हणजे डबल क्लच. तेव्हा ‘गिअरबॉक्स वाचेल’ म्हणून कोणी हे मॉड्यूल घेत असेल तर त्याने विचार करावा. वाचतो तो क्लच, आणि वाचतो तो हिसका.

मग मी हील-टोच का करत नाही? करतो. पण रोजच्या रस्त्यावर ते नीट जमत नाही, आणि त्यात माझ्या पायापेक्षा पेडलच्या उंचीचा दोष जास्त आहे. जोरात ब्रेक मारला की ब्रेकचं पेडल खोल जातं आणि ॲक्सिलरेटरच्या बरोबरीला येतं, तेव्हा पाऊल सहज वळतं. ट्रॅकवर तसाच ब्रेक मारतात. रस्त्यावर आपण हलका ब्रेक मारतो, पेडल वरच राहतं आणि ॲक्सिलरेटर कुठेतरी खाली राहतो. घोटा विचित्र वाकवून तिथपर्यंत पोचलात तर त्या नादात ब्रेकवरचा दाब कमी-जास्त होतो. म्हणजे एक हिसका टाळायला जाऊन दुसरा ओढवून घ्यायचा.

माझ्या मित्राला हे पटलं नाही. त्याच्या मते मॅन्युअल गाडीत असलं यंत्र बसवणं म्हणजे पोहायला शिकलेल्या माणसाने कमरेला डबा बांधणं. “अरे, पायाने येत नाही म्हणून पैसे घालवणार?” असं म्हणाला. मी त्याला आठवण करून दिली, की खुद्द गाड्या बनवणाऱ्यांनाच यात कमीपणा वाटलेला नाही. निसानने २००९ च्या मॉडेलच्या ३७०झेडमध्ये ‘सिंक्रोरेव्ह मॅच’ या नावाने हेच दिलं. कॉर्व्हेटच्या सातव्या पिढीत, २०१४ पासून, सात गिअरच्या मॅन्युअलबरोबर ते आलं, आणि ते चालू-बंद करायला स्टिअरिंगमागे पॅडल दिली. होंडाने २०१७ च्या सिव्हिक टाइप आरमध्ये दिलं. टोयोटाने स्वतः जीआर यारिस आणि जीआर कोरोलामध्ये दिलं आहे. “मग तीच गाडी घे ना,” हे त्यावरचं त्याचं उत्तर. काम करायच्या दिवशी मात्र टॉर्च धरायला तोच आला.

पण कंपनीच्या आणि बाहेरच्या यंत्रात एक मोठा फरक आहे आणि तो आधी नीट समजून घेतला पाहिजे. निसानच्या पद्धतीत गिअरच्या दांड्याची जागा ओळखणारा सेन्सर असतो. तुम्ही दांडा तिसऱ्याकडे नेलात की ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, ते कळतं, गाडीचा वेग त्याला माहीत असतोच, मग तो हिशोब करून इंजिन नेमकं तेवढंच चढवतो. बाहेरून बसवायच्या साध्या मॉड्यूलला यातलं काही माहीत नसतं. ते दर वेळी ठरलेल्या मापाची एक टिचकी मारतं. गाडीच्या कॅन बसवरून (गाडीतल्या कॉम्प्युटरांना जोडणारी डेटा लाइन) वेग आणि आरपीएम वाचून ‘आता एक गिअर खाली येणार’ असं धरून हिशोब करणारी महाग मॉड्यूलही मिळतात. मी साधं घेतलं. गाडीच्या डेटा लाइनमध्ये काही घुसवायची माझी तयारी नव्हती, आणि काही बिघडलं तर मला स्वतःला शोधता येईल एवढंच गुंतागुंतीचं यंत्र मला हवं होतं.

साध्या मॉड्यूलमागचा विचार मला फार आवडला. नुसत्या क्लचवर रेस द्यायची ठरवली तर वरचा गिअर टाकतानाही ती मिळेल, आणि तिथे ती नको असते, कारण तिथे इंजिन खालीच यायला हवं. मग वरचा आणि खालचा यात फरक कसा ओळखायचा? ब्रेकवरून. ब्रेक दाबलेला असताना कोणी वरचा गिअर टाकत नाही. तेव्हा आधी ब्रेक आणि त्यावर क्लच, अशा क्रमाने दोन्ही आले की समजायचं, मालक गिअर उतरवतोय. दोन तारांमधून एवढी अक्कल काढणं म्हणजे कमाल आहे. हा अंदाज कुठे फसतो ते पुढे येईलच.

आता तिसरी बाजू, म्हणजे रेस द्यायची कशी. या गाडीत ॲक्सिलरेटरपासून इंजिनापर्यंत केबल नाही. पेडलवर दोन सेन्सर असतात, दोघांना प्रत्येकी पाच व्होल्टची, अर्थिंगची आणि सिग्नलची तार, अशा एकूण सहा. पेडल किती दाबलं ते दोघेही स्वतंत्रपणे ईसीयूला सांगतात आणि त्यांचे आकडे मुद्दाम वेगळे ठेवलेले असतात. काही गाड्यांत दुसरा आकडा पहिल्याच्या निम्मा असतो, काहींत ठराविक अंतर राखून वर चालतो. दोघांचं नातं बिघडलं की ईसीयू कोणावरच विश्वास ठेवत नाही. पी २१३८ हा कोड टाकतो, चेक इंजिनचा दिवा लावतो आणि गाडीची ताकद काढून घेतो. म्हणून मॉड्यूलला दोन्ही सिग्नल एकाच वेळी, आपसातलं नातं सांभाळत, खोटे वाढवून दाखवावे लागतात. एका गाडीचं मॉड्यूल दुसऱ्या गाडीत चालेलच असं नाही, ते याचसाठी. तुमच्या गाडीच्या नावाचंच किट घ्या आणि कनेक्टर तसाच्या तसा बसणारा घ्या. पेडलच्या सहा तारा कापून जोडायला सांगणारं किट असेल तर ते दुकानातच राहू द्या. ज्या तारेवर इंजिनाचा वेग ठरतो तिथे हाताने केलेला जोड मला नको होता.

बसवायच्या दिवशी सुरुवात बॅटरीची निगेटिव्ह तार काढण्यापासून. ती काढून थोडा वेळ थांबायचं, कारण एअरबॅगच्या यंत्रणेत चार्ज उरलेला असतो. टोयोटाच्या सूचनांमध्ये यासाठी किमान ९० सेकंद सांगितलेले असतात, मी चहा होईपर्यंत थांबलो. मग स्टिअरिंगखालचं प्लॅस्टिकचं पॅनेल काढलं आणि डोकं पेडलखाली, पाय सीटच्या पाठीवर, अशा योगासनात बसलो. या कामातला सगळ्यात त्रासदायक भाग हाच. पेडलचा कनेक्टर वरच्या बाजूला असतो, त्याचं कुलूप न दिसता बोटाने चाचपून दाबावं लागतं. सीट पूर्ण मागे सरकवली आणि दाराच्या चौकटीवर उशी ठेवली तर पाठ वाचते.

ॲक्सिलरेटरची जोडणी म्हणजे नुसतं खटकन बसवणं. ब्रेकची तारही सोपी. ब्रेकच्या पेडलवर मागच्या दिव्यांचा स्विच असतो, पेडल दाबलं की त्याच्या एका तारेवर १२ व्होल्ट येतात. या स्विचला सहसा एकापेक्षा जास्त तारा असतात, त्यांपैकी काही उलट्या वागतात, म्हणजे पेडल सोडल्यावर त्यांवर व्होल्टेज असतं. त्यामुळे रंगावर विसंबायचं नाही, मल्टिमीटर लावायचा. हे तपासायला बॅटरी पुन्हा जोडावी लागते, तेवढं करायचं. करंट फ्यूज बॉक्समधून फ्यूज टॅप लावून घेतला, इग्निशन चालू असतानाच जिवंत होणाऱ्या फ्यूजवरून. अर्थिंग थेट बॉडीच्या बोल्टवर.

तारेला तार जोडताना चिमटा मारून बसवायचे निळे कनेक्टर किटबरोबर आले होते. ते मी वापरले नाहीत. त्यांची पाती तार अर्धवट कापते आणि गाडीच्या थरथरीने वर्षभरात जोड कुरकुरायला लागतो. तारेवरचं आवरण थोडं सोलून, नवी तार गुंडाळून, सोल्डर करून वरून कापडी टेप, ही जुनी पद्धत मला बरी वाटते. पेडलखाली आडवं होऊन सोल्डर करताना वितळलेला थेंब खाली कुठे पडणार याचा विचार आधी करून ठेवा. मी अंगावर जाड टॉवेल घेतला होता.

आणि मग क्लच. या सबंध कामात मी सगळ्यात जास्त डोकं कुठे घातलं असेल तर इथे. किटच्या सूचनेत एकच ओळ होती, ‘क्लच स्विचला जोडा’. पण कुठल्या? क्रूझ कंट्रोल असलेल्या मॅन्युअल गाडीत क्लचच्या पेडलला सहसा दोन स्विच असतात. एक वरच्या टोकाला, पेडल जरासं हललं तरी तुटणारा, तो क्रूझ बंद करायला. दुसरा खालच्या टोकाला, पेडल तळाशी गेल्यावर लागणारा, तो स्टार्टरसाठी, क्लच पूर्ण दाबल्याशिवाय गाडी सुरू होऊ नये म्हणून. दोघेही ‘क्लच स्विच’च, पण दोघांच्या वागण्यात जमीन-अस्मानाचा फरक.

कायमचा जोड करण्याआधी मी दोन्ही तात्पुरते जोडून मोकळ्या रस्त्यावर चालवून पाहिले. वरच्या स्विचवर रेस फार लवकर मिळते. पेडल सेंटीमीटरभर हललं की मॉड्यूल टिचकी मारतं, पण तेव्हा क्लच सुटलेलाच नसतो, इंजिन अजून चाकांना जोडलेलं असतं. परिणाम असा, की तुम्ही ब्रेक मारताय आणि गाडी पुढे ढकलतेय. क्षणभरच, पण पोटात गोळा येतो. खालच्या स्विचवर उलट. रेस मिळते तेव्हा दांडा अर्धाअधिक पुढच्या गिअरमध्ये गेलेला असतो, घाईने गिअर टाकला तर ती उशिरा येते, आणि क्लच तळापर्यंत दाबला नाही तर येतच नाही. मी सहसा तळापर्यंत दाबत नाही, क्लच सुटला की पुरे. त्यामुळे पाचातल्या दोन वेळा गप्प.

खालचा स्विच आटे फिरवून थोडा वर आणता येईल असं माझ्या मित्राने सुचवलं. मला ते नको वाटलं, कारण मग स्टार्टरचं संरक्षणही सैल होतं आणि क्लच पुरता न दाबता गाडी सुरू व्हायला लागते. शेवटी वरचा स्विच घेतला आणि मॉड्यूलमधली उशिराची सेटिंग वापरली. माझ्या डबीवर तीन पेच आहेत: सिग्नल मिळाल्यावर किती थांबायचं, थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) किती उघडायचं आणि किती वेळ. पहिला पेच शून्यापासून हळूहळू वाढवत नेला. दीडशे मिलिसेकंदांच्या आसपास माझ्या पायाच्या वेगाशी जुळलं. क्लच नुकताच सुटलेला असतो, दांडा न्यूट्रलमधून जात असतो आणि इंजिन चढायला लागतं. हा आकडा माझ्या पायाचा आहे, तुमच्या पायाचा वेगळा असणार.

गाडी रस्त्यावर नेण्याआधी एक गोष्ट मी अगदी सावकाश केली, आणि ही कोणी टाळू नये. चाकांना अडण्या लावल्या, हँडब्रेक ओढला, न्यूट्रल, इंजिन बंद, फक्त इग्निशन चालू. ओबीडीला, म्हणजे गाडी तपासायच्या सॉकेटला, स्कॅनर लावून पेडलचा आकडा बघत ॲक्सिलरेटर हळूहळू तळापर्यंत दाबला आणि सोडला. आकडा कुठेही न अडखळता वर गेला पाहिजे आणि मूळ जागी परतला पाहिजे. मग पेडल अर्ध्यावर धरून मॉड्यूलचा फ्यूज उपटला. आकडा हलला नाही. म्हणजे डबीचा करंट गेला तर पेडलचा सिग्नल तसाच सरळ पुढे जातो, गाडी आपल्या मूळ रूपात येते. हे झाल्यावरच मी पॅनेल परत लावलं. त्याआधी सगळ्या तारा झिप टायने वरच्या चौकटीला घट्ट बांधल्या. पेडलच्या किंवा स्टिअरिंगच्या शाफ्टच्या वाटेत लोंबणारी एकही तार असता कामा नये, मग ती कितीही छोटी असो.

एक शंका मला होती ती ब्रेक-ओव्हरराइडची. २०१० च्या सुमारापासून टोयोटाने, आणि इतरांनीही, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही दाबलेले दिसले तर इंजिनची ताकद कमी करण्याची सोय गाड्यांत द्यायला सुरुवात केली. मॉड्यूल तर ब्रेक दाबलेला असतानाच ॲक्सिलरेटर दाबल्याचं सोंग करतं. पण टोयोटाच्या पद्धतीत क्रम बघितला जातो. ब्रेक आधी आणि ॲक्सिलरेटर नंतर आला तर ती मध्ये पडत नाही, चढावर गाडी उठवताना अडचण येऊ नये म्हणून. शिवाय ही टिचकी सेकंदाच्या एका तुकड्यापुरती असते. मला त्याचा कधी अडथळा आला नाही. दुसऱ्या कंपनीची गाडी असेल तर हे आधी बघून घ्यावं.

पहिल्यांदा ते बरोबर लागलं तेव्हाचा आनंद लपवत नाही. वळणाआधी ब्रेक, क्लच, तिसऱ्यातून दुसरा, आणि समोरून इंजिनाचा एक छोटासा हुंकार. क्लच सोडला तर काहीच झालं नाही. तेच तर हवं होतं. गाडीचं नाक हललं नाही, बूड हललं नाही, फक्त काटा वर जाऊन बसला होता.

पण थ्रॉटल किती उघडायचं हा पेच लावायला क्लचपेक्षाही जास्त वेळ गेला. अडचण गणिताची आहे. चौथ्यातून तिसऱ्यात येताना आरपीएम सत्तावीस टक्क्यांनी वाढावं लागतं, तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना बेचाळीस टक्क्यांनी. म्हणजे ३,५०० वर चौथा सोडला तर साडेनऊशेची वाढ हवी, ३,००० वर तिसरा सोडला तर साडेबाराशेची. ५,००० वर तिसरा सोडला तर एकवीसशेची. डबीची टिचकी मात्र एकच. शिवाय वरच्या आरपीएमला तीच टिचकी कमी चढवते, कारण इंजिनाचा स्वतःचा विरोध तिथे जास्त असतो. म्हणजे जिथे जास्त लागते तिथेच कमी मिळते. सगळीकडे जुळणारं माप नाहीच. आपण गिअर कुठे उतरवतो ते बघायचं आणि त्यासाठी लावायचं. माझं बहुतेक गिअर बदलणं ३,००० ते ४,००० च्या पट्ट्यात होतं, म्हणून मी साधारण अकराशेच्या वाढीवर थांबलो. चौथ्या-तिसऱ्यात ती किंचित जास्त होते, तिसऱ्या-दुसऱ्यात किंचित कमी पडते, आणि दोन्हीकडचा उरलेला फरक क्लच हळू सोडला की पचतो.

हे सगळं इंजिन पूर्ण तापल्यावरच करा. थंड इंजिनात तेल जाड असतं, आयडलिंगचं आरपीएम वर असतं, तिथे लावलेलं माप अर्ध्या तासात चुकतं. एसी चालू असताना आणि बंद असतानाही थोडा फरक पडतो, पण तेवढ्याचा बाऊ करण्यात अर्थ नाही.

आता अंदाज कुठे फसतो ते. सिग्नलला थांबताना माणूस काय करतो? आधी ब्रेक, मग वेग कमी झाला की क्लच. मॉड्यूलच्या दृष्टीने हे अगदी गिअर उतरवणंच. त्यामुळे प्रत्येक सिग्नलला, थांबता थांबता, माझी गाडी व्रूम करून ओरडायची. लाल दिव्याशी उभं राहताना रेस देणाऱ्या माणसाबद्दल शेजारच्या गाडीतले काय विचार करतात ते मला माहीत आहे, कारण मीही तोच विचार करतो. ‘मॉड्यूल देतंय, मी नाही’ असं काच खाली करून सांगता येत नाही.

यावर एक उपाय सवयीचा. क्लच ब्रेकच्या आधी दाबायचा, किंवा क्लच दाबण्यापूर्वी ब्रेकवरून पाय क्षणभर उचलायचा. दोन्ही मला वाईट वाटले. यंत्रासाठी मी ब्रेक मारण्याची पद्धत बदलायची, तर मग यंत्र कशाला? आरपीएम वाचणाऱ्या महाग मॉड्यूलमध्ये ‘अमुक आरपीएमच्या खाली गप्प राहा’ अशी सोय असते आणि हे एकच कारण त्यांच्यासाठी जास्त पैसे मोजायला पुरेसं आहे, हे मला वापरल्यावर पटलं. पुन्हा घ्यायची वेळ आली तर मी तेच घेईन. सध्या मात्र डॅशबोर्डवर गुडघ्याजवळ रिकाम्या पडलेल्या बटणाच्या जागेत एक बटण बसवून मॉड्यूलचा करंट त्यातून नेला आहे. गर्दीच्या रस्त्यावर बंद, रस्ता मोकळा झाला की चालू. इग्निशन दिल्यावर पहिले काही सेकंद डबी स्वतःहून गप्प राहते, त्यामुळे ब्रेक-क्लच दाबून गाडी सुरू करताना ती ओरडत नाही, तेवढं बनवणाऱ्याने बघितलं आहे.

बाकी मर्यादा आहेतच. चौथ्यातून थेट दुसऱ्यात यायचं असेल तर अकराशेची टिचकी कुठेच पुरत नाही, तिथे स्वतःचा पाय लागतो. मी पायाने रेस दिली तर दोन्हींपैकी जास्त असलेली पुढे जाते, बेरीज होत नाही, हे चांगलं आहे. आणि ओव्हरटेक करताना, ब्रेक न लावता, चौथ्यातून तिसऱ्यात यायचं असेल तर मॉड्यूल काहीच करत नाही, कारण ब्रेकची तार कोरडी असते. त्याचं मला दुःख नाही. ब्रेकवर पाय नसताना ॲक्सिलरेटर दाबायला तोच पाय मोकळा असतो, तिथे यंत्राची गरजच काय.

हील-टो मी सोडलेलं नाही. जोरात ब्रेक मारायची वेळ येते अशा वळणांच्या रस्त्यावर बटण बंद ठेवतो, तिथे पेडल बरोबरीला येतात आणि पाय आपलं काम करतो. हलक्या ब्रेकच्या रस्त्यावर चालू ठेवतो. माझ्या मित्राने एकदा चालवून पाहिली, पहिल्या दोन वळणांना गप्प होता, तिसऱ्याला म्हणाला, “बटण कुठंय?” ते बंद करायला विचारलं की चालू आहे ना याची खात्री करायला, ते मी विचारलं नाही.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. विम्याच्या कंपनीला असा बदल कळवून ठेवावा, नंतर वाद नको. आणि गाडी सर्व्हिसला देण्याआधी मॉड्यूल काढून पेडलचा मूळ कनेक्टर थेट जोडून द्यावा. थ्रॉटलशी संबंधित काहीही तक्रार निघाली तर मेकॅनिकचं पहिलं बोट त्या डबीकडे जाणार, आणि त्याच्या जागी मी असतो तर माझंही गेलं असतं. मी मॉड्यूल पॅनेलच्या मागे खोल न दडवता कडेला बांधलं आहे, त्यामुळे आता डोकं पेडलखाली न घालता ते काढता येतं.